सूर बरोबर, लय बरोबर, तरी सोलचे द्वंद्वगीत दोघांचे का वाटत नाही?

आपला प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाचे आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपण आणि आपले पती न्यू जर्सीत राहता. दोघेही लहानपणापासून भावगीते आणि हिंदी चित्रपटगीते गात आला आहात, आणि लग्नाच्या २५ व्या वाढदिवसाला मित्रमंडळींसमोर अमेरिकन सोल संगीतातले, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय गायकांच्या भावपूर्ण लोकप्रिय संगीतातले, एखादे जुने प्रेमाचे द्वंद्वगीत गाण्याचा आपला विचार आहे. मार्विन गे आणि टॅमी टेरेल, रोबर्टा फ्लॅक आणि डॉनी हॅथवे, डायना रॉस आणि लायनल रिची या तीन जोड्यांचे एकेक गाणे आपण कराओके ट्रॅकवर बसवून पाहिलेत. सूर चुकत नाही, शब्द पाठ आहेत, लय सुटत नाही. तरीही फोनवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकले की दोन माणसे आळीपाळीने आपापले गाणे म्हणत आहेत असे वाटते. शिवाय जी पट्टी त्यांना सोयीची आहे तीत आपला आवाज खाली पडतो आणि आपल्या पट्टीत त्यांचा आवाज ताणतो. हरकती वाढवल्या तर गाणे खुलेल का आणि पट्टी कोणाची धरावी, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत.

मी बरीच वर्षे मुंबईत बँडसोबत गायले आणि आता सोल व गॉस्पेल (चर्चमधील भक्तिगायन) पद्धतीच्या गायनाचे वर्ग घेते, त्यामुळे ही अडचण वेगवेगळ्या रूपांत नेहमी माझ्यासमोर येते. आपले ध्वनिमुद्रण मी ऐकलेले नाही. आवाजांची जात, सभागृहाचा आकार, साथीला वादक आहेत की ट्रॅक, यांवर बरेच अवलंबून असते, आणि ते प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. तरीही आपल्या वर्णनावरून दोष कुठे असावा याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही. पट्टीचा प्रश्न खरा आहे, पण दुय्यम आहे. हरकतींचा प्रश्न तर मी बाजूलाच ठेवीन. मुख्य अडचण अशी की आपण दोघांनी आपापल्या ओळी बसवल्या आहेत आणि दुसऱ्याच्या ओळींत आपले काय काम आहे याचा विचारच झालेला नाही. सोलमधले द्वंद्वगीत त्या क्षणी न गाणाऱ्या माणसावर उभे राहते. समोरचा गात असताना आपण काय ऐकतो, कुठे श्वास घेतो आणि त्याच्या शेवटच्या अक्षरानंतर किती अवकाशाने आपले पहिले अक्षर उच्चारतो, यातच ते दोघांचे होते किंवा होत नाही.

पुष्कळांची समजूत असते की ही गाणी इतकी जिवंत वाटतात ती गाणाऱ्यांचे एकमेकांवर प्रेम होते म्हणून. ही समजूत दूर होणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे प्रत्यक्ष नवरा-बायकोसुद्धा ‘भाव’ आणण्याच्या नादात गाण्याकडे दुर्लक्ष करतात. मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचे ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ हे १९६७ सालचे गाणे घ्या. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत हार्वी फुक्वा आणि जॉनी ब्रिस्टल या निर्मात्यांनी टेरेल यांचा आवाज आधी एकटीचा मुद्रित केला आणि गे यांचा आवाज त्यावर नंतर चढवला. ज्या गाण्यात आपल्याला दोन माणसे डोळ्यांत डोळे घालून बोलताना दिसतात, त्यात ती दोघे गाताना एकमेकांसमोर उभीही नव्हती. पुढे दोघांची मैत्री घट्ट झाली, पण ते जोडपे नव्हते. दुसरे उदाहरण याहूनही बोलके आहे. मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीसाठी गाणारे सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर या दोघांचे संबंध इतके बिघडले होते की पुढची कित्येक वर्षे मंचाबाहेर ते एकमेकांशी बोलतही नसत. आणि मंचावर मात्र एकाचा श्वास दुसऱ्याच्या ओळीत मिसळत असे.

मग या सगळ्यांना एकत्र आणत होते काय? गे यांच्या कानात टेरेल यांचे पूर्ण गाणे वाजत होते. ती कुठे थांबते, कुठला स्वर थोडा लांबवते, कुठे हसू तिच्या आवाजात येते, हे सारे त्यांना ऐकू येत होते, आणि त्या जागा सांभाळूनच त्यांना आपल्या ओळी बसवायच्या होत्या. गाण्याची सुरुवात पुन्हा ऐका, पण या वेळी फक्त जोड ऐका. गे डोंगर, दरी आणि नदी यांची नावे घेऊन आपला दावा मांडतात. टेरेल तो दावा पुन्हा न म्हणता पुढे नेतात: हाक मार, मी येईन. मग ओळी लहान होत जातात, अर्धी त्याची, अर्धी तिची, आणि ध्रुवपद येईपर्यंत कोण कोणाचे वाक्य पूर्ण करते आहे हे वेगळे काढणे कठीण होते. गीतकार निकोलस ॲशफर्ड आणि व्हॅलरी सिम्पसन यांनी ते मुळातच असे रचले आहे. म्हणजे एकमेकांत गुंतण्याचे निम्मे काम रचनेने आधीच करून ठेवलेले असते. गाणाऱ्यांनी फक्त त्या सांध्यांत फट पडू द्यायची नसते.

ॲशफर्ड आणि सिम्पसन यांची ओळख १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील व्हाइट रॉक बॅप्टिस्ट चर्चमध्ये झाली, आणि ही माहिती केवळ शोभेची नाही. सोल संगीताची बहुतेक मोठी नावे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गॉस्पेल गायनातून आली. ॲरिथा फ्रँकलिन डेट्रॉइटला वडिलांच्या चर्चमध्ये गात मोठ्या झाल्या, डॉनी हॅथवे सेंट लुईसमध्ये अगदी लहानपणीच आजीसोबत गॉस्पेल गात असत. त्या गायनात एकाने हाक द्यायची आणि बाकीच्यांनी तिला उत्तर द्यायचे अशी रीत आहे, आणि उत्तर देणारा वर्ग हाक संपण्याची वाट पाहत स्वस्थ बसलेला नसतो. आपल्याकडे वारकरी भजनात मुख्य गायकाचा चरण संपता संपता टाळकरी तो उचलून धरतात, मध्ये पोकळी राहत नाही. ज्याने ते भजन आतून ऐकले आहे त्याला सोलमधली ही देवघेव समजावून सांगावी लागत नाही. आपण दोघांनी बसवलेले भावगीत मात्र बहुधा एकट्याने गायचे असते आणि त्यात गाणारा आपली ओळ संपवून साथीच्या वाद्याला जागा देतो. तीच सवय आपण इथे आणली आहे, असा माझा अंदाज आहे. आपली ओळ संपली की आपण गाण्यातून बाहेर पडता आणि ट्रॅककडे कान लावून पुढच्या ओळीची वाट पाहता.

यावर मी वर्गात जो सराव घेते तो सांगते. ट्रॅक पूर्ण बंद करा. गाण्यातील फक्त चार ओळी घ्या, दोन त्यांच्या आणि दोन आपल्या, आणि त्या आधी न गाता, स्वयंपाकघरात बोलता तशा एकमेकांना बोलून दाखवा. इंग्रजी गाणे आहे म्हणून आवाज बदलू नका. बोलताना आपोआप कळते की आपण समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच श्वास घेतलेला असतो, कारण उत्तर आधीच मनात आलेले असते. आता तीच चार वाक्ये गा, आणि एवढेच पाहा की त्यांच्या ओळीचा शेवटचा स्वर चालू असतानाच आपला श्वास आत गेला पाहिजे, तोही तोंडाने, शेजारच्याला ऐकू येईल इतका. श्वास वेळेवर घेतला की सुरुवात वेळेवर होते आणि पहिले अक्षर जड होत नाही. बहुतेक जोड्यांच्या बाबतीत हा एक बदल केल्याबरोबर गाण्याचा पोत बदलतो, कारण आधी प्रत्येक ओळ नव्याने सुरू होत होती आणि आता ती आधीच्या ओळीतून निघते. त्यानंतर भूमिका बदला: त्यांच्या ओळी आपण गा आणि आपल्या त्यांना गाऊ द्या. दुसऱ्याची ओळ स्वतःच्या घशातून गेल्याशिवाय ती कुठे अवघड आहे हे कळत नाही, आणि हे कळल्यावर त्या जागी आपण आपोआप त्याला सांभाळून घेता.

आता पट्टीकडे वळते. आपल्याकडे साधारणपणे पुरुष काळी एकच्या आसपास गातात आणि स्त्रिया काळी चार-पाचच्या आसपास, म्हणजे सहज गाण्याच्या दोन आवाजांत पूर्ण सप्तकाचे अंतर नसते, पाच-सहा सुरांचेच असते. एकच चाल एकाच पट्टीत दोघांनी गायची म्हटली की कोणाची तरी गैरसोय होणारच. हिंदी चित्रपटांतील अनेक द्वंद्वगीतांत दोघे तीच चाल एका सप्तकाच्या अंतराने गातात. सोलमध्ये पुष्कळदा दोघे एकाच सप्तकात येतात: पुरुष आपल्या आवाजाच्या वरच्या भागात, स्त्री आपल्या खालच्या किंवा मधल्या भागात. गे यांचा आवाज वरच्या भागात किंचित ताणलेला लागतो आणि त्या ताणातूनच आर्जव उमटते. फ्लॅक खालच्या भागात जवळजवळ बोलल्यासारख्या गातात आणि तिथेच त्यांचा आवाज सर्वांत उबदार असतो.

तेव्हा आपला आवाज ‘खाली पडतो’ हा आपण समजता तितका दोष नाही. माईकशिवाय गाताना खालचा स्वर दूरवर पोहोचवावा लागतो. इथे हातात माईक आहे. खालची ओळ माईकच्या अगदी जवळून, जोर न लावता गायलीत तर ती कमकुवत वाटणार नाही, कारण मंचावरचे नेहमीचे, मुख्यतः एकाच दिशेचा आवाज घेणारे माईक जवळून गाताना आवाजातील खर्ज वाढवतात. पट्टी ठरवताना दोघांची सोयीची पट्टी विचारू नका. गाण्यातील त्यांच्या वाट्याचा सर्वांत वरचा लांब धरलेला स्वर आणि आपल्या वाट्याचा सर्वांत खालचा स्वर शोधा. पहिला त्यांना जोर लावून पण न चिरकता लागला पाहिजे आणि दुसरा आपल्याला स्वच्छ शब्दासह लागला पाहिजे. या दोन अटी जिथे पूर्ण होतात ती पट्टी. दोन्ही अटी एकत्र पूर्ण होत नसतील तर ओळींची वाटणी बदला. मूळ ध्वनिमुद्रणात जी ओळ त्याने गायली ती त्यानेच गायली पाहिजे असे काही नाही. ‘द क्लोजर आय गेट टू यू’ हे १९७८ चे फ्लॅक-हॅथवे यांचे गाणेसुद्धा मुळात फ्लॅक यांच्या एकटीच्या आवाजासाठी योजलेले होते आणि नंतर दोघांत वाटले गेले. कराओकेचा ट्रॅक वर-खाली करताना मात्र दोन-तीन अर्धस्वरांच्या पलीकडे जाऊ नका. त्यापुढे वाद्यांचा आवाज कृत्रिम होतो. त्याहून जास्त बदल हवा असेल तर पियानो किंवा गिटार वाजवणारा एखादा मित्र गाठणे उत्तम.

दोन आवाज एकत्र येतात तिथे दुसऱ्या आवाजाचा प्रश्न येतो. भारतीय शिक्षण झालेल्या गायकाला दुसरा सूर धरून ठेवणे अवघड जाते, कारण कान मुख्य चालीकडे ओढला जातो. यावर माझा तोडगा साधा आहे: दुसरा आवाज शक्य तितका कमी हलता ठेवा. मुख्य चाल वर-खाली होत असताना दुसऱ्याने तिच्याशी जुळणारे एक किंवा दोन स्वर धरून राहावे, शब्द मात्र तंतोतंत बरोबर म्हणावेत. तो स्वर हार्मोनियमवर दाबून, दुसऱ्याला चाल गायला लावून, आठवडाभर घोटा. ध्रुवपदाच्या प्रत्येक ओळीत असे करण्याची गरज नाही; शेवटच्या ध्रुवपदात केले तरी पुरते.

लयीबद्दल आपण काळजी करण्यासारखे काही लिहिलेले नाही, पण ‘लय सुटत नाही’ हे वाक्य मला थोडे खटकले, कारण ट्रॅकला चिकटून राहणे आणि ठेक्यात बसणे यांत फरक आहे. आपला हात समेवर टाळी देतो. या संगीतात टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. स्टॅक्सच्या वादकांनी तर १९६५ मध्ये विल्सन पिकेट यांच्या ‘इन द मिडनाइट आवर’च्या वेळी त्या दोन मात्रा किंचित उशिरा वाजवायला सुरुवात केली आणि ती त्यांची ओळख झाली. पर्सी स्लेज यांच्या ‘व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन’सारख्या १९६६ च्या संथ गाण्यात चार मात्रा असतात आणि प्रत्येक मात्रेचे तीन भाग होतात, दादऱ्याचा कान असलेल्या माणसाला ते ओळखीचे वाटते, पण तो दादरा समजून पहिल्या मात्रेवर भार दिला की गाणे झोके घ्यायला लागते. दोघे समोरासमोर उभे राहून दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टाळी देत ओळी म्हणून पाहा. एकाची टाळी घसरली की दुसऱ्याला लगेच दिसते. आणि गाताना कान बासकडे, म्हणजे खर्जाच्या गिटारकडे ठेवा. मला हे एका वयोवृद्ध गोवेकर बास वादकाने शिकवले. मोटाऊनच्या जेम्स जेमर्सन यांच्या बासच्या ओळी ते स्वतंत्र गाण्यासारख्या गुणगुणत आणि म्हणत की गायकाने या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून चालावे. आजही मी नव्या जोडीला आधी तासभर फक्त बास ऐकायला लावते.

हरकतींविषयी माझे मत ठाम आहे. आपल्या गळ्यात मुरकी आणि मींड आहे ही संपत्ती आहे आणि ती पुसून टाकावी असे मी कधीही म्हणणार नाही. पण द्वंद्वगीतात हरकत ही समोरच्याच्या जागेवरचे अतिक्रमण ठरू शकते. समोरचा गात असताना हरकत घेऊ नये, हा पहिला नियम. पहिल्या कडव्यात चाल जशी आहे तशी, सरळ गावी, हा दुसरा. गॉस्पेलमधून आलेल्या गायकांच्या ताना ऐकल्यात तर दिसेल की त्या बहुधा ओळीच्या शेवटी, भावना शब्दांत मावेनाशी झाल्यावर येतात आणि गाणे पुढे जाते तशा वाढतात. ओटिस रेडिंग यांचे १९६६ चे ‘ट्राय अ लिट्ल टेंडरनेस’ यासाठी अवश्य ऐका: सुरुवात जवळजवळ कुजबुजीसारखी आहे, वाद्ये मोजकी आहेत, आणि शेवटी तोच माणूस वादळासारखा गातो. ते वादळ पहिल्या ओळीत आले असते तर शेवटी त्यांच्याकडे काहीच उरले नसते. आपल्या गाण्यात शेवटच्या ध्रुवपदापूर्वी एकही हरकत नसेल तर फार उत्तम, आणि शेवटी दोघांत मिळून दोन-तीन असल्या तर पुरे.

उच्चारांबद्दल आपण विचारलेले नाही, पण ते मी सांगितले नाही तर उत्तर अपुरे राहील. अमेरिकन कृष्णवर्णीय गायकांच्या बोलण्याची नक्कल करू नका. हे संगीत त्यांच्या चर्चमधून, त्यांच्या दुःखातून आणि स्वाभिमानातून आलेले आहे. त्याचा आदर करणाऱ्याने आपल्या स्वच्छ इंग्रजीत गावे, ते अधिक शोभते. दोन गोष्टी मात्र शिकून घ्याव्यात. ‘माय’, ‘लाय’, ‘टाइम’ यांसारख्या शब्दांत लांब स्वर धरताना ‘आ’ धरायचा आणि शेवटचा ‘ई’ अगदी सुटताना म्हणायचा. आपण मराठी माणसे घाईने ‘ई’वर जातो आणि तिथेच स्वर पातळ होतो. दुसरी गोष्ट, एकत्र गाताना शब्दाच्या शेवटचा ‘स’ किंवा ‘ट’ दोघांचा एकाच क्षणी आला पाहिजे. यासाठी एकाने तो म्हणावा आणि दुसऱ्याने सोडून द्यावा, ही जुन्या समूहगायकांची युक्ती मी बिनदिक्कत वापरते.

गाणे कोणते घ्यावे, हे आपल्या आवाजांवर अवलंबून आहे, पण माझी पसंती सांगते. ‘एंडलेस लव्ह’ हे रॉस आणि रिची यांचे १९८१ चे गाणे अमेरिकेत ९ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते आणि ते सर्वांना ठाऊक आहे. नेमके म्हणूनच आणि त्यातील दोघांनी एकत्र धरलेल्या लांब स्वरांमुळे ते नवशिक्यांसाठी धोक्याचे आहे. लांब स्वरात अर्ध्या श्रुतीचा फरकही लपत नाही. ‘व्हेअर इज द लव्ह’ हे फ्लॅक-हॅथवे यांचे १९७२ चे गाणे चालीने फार गोड आणि आवाक्यातले आहे, पण शब्द नीट वाचा: ते न पाळलेल्या वचनाचे गाणे आहे आणि लग्नाच्या वाढदिवसाला ते मी सुचवणार नाही. कार्ला थॉमस आणि ओटिस रेडिंग यांचे ‘ट्रॅम्प’ हे १९६७ चे भांडणाचे गाणे आहे. त्यात गाण्यापेक्षा टोमणे जास्त आहेत आणि ज्यांना अभिनय जमतो त्यांनीच ते घ्यावे. मला आपल्यासाठी ‘यू आर ऑल आय नीड टू गेट बाय’ योग्य वाटते. ॲशफर्ड आणि सिम्पसन यांचीच १९६८ ची रचना, गे आणि टेरेल यांनी गायलेली. गती मध्यम आहे, ओळी आटोपशीर आहेत, दोघांना सारखे काम आहे आणि आशय दीर्घ सहवासाचा आहे. हे गाणे गाताना एक गोष्ट मनात असू द्यावी असे मला वाटते: १९६७ च्या ऑक्टोबरमध्ये मंचावर गाताना टेरेल गे यांच्या हातांत कोसळल्या, मेंदूतील गाठीचे निदान झाले आणि १६ मार्च १९७० रोजी, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, त्या गेल्या. मुलींना टेरेल यांच्या ओळी देताना मी हे नेहमी सांगते, कारण त्यांच्या आवाजातला मोकळेपणा हा सहज मिळालेला नव्हता.

आपल्याला अगदी शांत गाणे हवे असेल तर ‘द क्लोजर आय गेट टू यू’ घ्या. त्यात मोठा आवाज कुठेच लागत नाही आणि आपला खालचा आवाज त्यात छान दिसेल. आणि एक वेगळा पर्याय: सॅम आणि डेव्ह यांचे ‘व्हेन समथिंग इज राँग विथ माय बेबी’, आयझॅक हेझ आणि डेव्हिड पोर्टर यांची रचना. मूळ गाणे दोन पुरुषांनी गायले आहे, पहिले कडवे प्रेटर यांनी एकट्याने, पण एकाला काही झाले की दुसऱ्याला झाल्याशिवाय राहत नाही, हा त्याचा आशय नवरा-बायकोच्या तोंडी तितकाच खरा वाटतो. यासाठी ताकद मात्र लागते.

मंचावर दोघांनी प्रेक्षकांकडे तोंड करून शेजारी-शेजारी उभे राहू नये. थोडे तिरके उभे राहावे, म्हणजे समोरच्याचे तोंड आणि छाती दिसते आणि श्वास कधी घेतला ते कळते. ट्रॅकचा आवाज आपल्याला वाटतो त्याहून कमी ठेवायला सांगा. घुमारा वाढवण्याचा मोह सर्वांना होतो, पण घुमाऱ्यात सांधे बुजतात, आणि आपल्याला तर सांधेच ऐकवायचे आहेत.

तेव्हा क्रम असा ठेवा: गाणे ठरवा, वरच्या दोन अटींनी पट्टी आणि ओळींची वाटणी ठरवा, मग ट्रॅकशिवाय चार-चार ओळी बोलून आणि गाऊन जोडा, नंतर दुसऱ्या-चौथ्या मात्रेची टाळी, आणि ट्रॅक सर्वांत शेवटी. शक्य असेल तर रोज थोडा वेळ बसा; आठवड्यातून एकदाच दोन तास बसण्याने सांधे पक्के होत नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट बहुतेक जण विसरतात. या काळातील पुष्कळ ध्वनिमुद्रणे आवाज हळूहळू कमी करत संपवलेली आहेत आणि कराओकेचे ट्रॅकही तसेच विरत जातात. मंचावर तसे झाले की दोघेही एकमेकांकडे पाहत थांबतात आणि टाळ्या कधी वाजवायच्या हे लोकांना कळत नाही. म्हणून ट्रॅक कोणत्या ध्रुवपदानंतर तोडायचा ते आधीच ठरवून तो तिथे कापून घ्या, शेवटची ओळ दोनदा म्हणा, दुसऱ्या वेळी वाद्यांशिवाय, आणि अखेरचा शब्द दोघांपैकी कोण सोडणार हे पक्के करा. माझा सल्ला विचाराल तर तो त्यांना धरू द्या आणि आपण त्याखाली आपला खालचा स्वर ठेवा.